साठी आणि बुद्धि

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतक्या सहजपणें वापरली जाते कीं, तिच्यांत एक विधान केलेलें आहे आणि तें खरें कीं खोटें हें पडताळून पाहतां येईल, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आजोबा चष्मा विसरले कीं नातू ती म्हण ऐकवितो आणि आजोबाहि हंसून ती मान्य करतात. म्हणीचा खरा अपाय येथेंच आहे. साठी उलटली म्हणजे बुद्धि जाणारच, अशी एकदां घरांतल्या सर्वांची समजूत झाली, म्हणजे ती टिकविण्याचा प्रयत्न कोणी करीत नाहीं. पेन्शनींत निघालेल्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात, आणि दुसऱ्या दिवसापासून घरांतील मंडळी मोठ्या प्रेमानें त्याच्या हातांतील एकेक काम काढून घेऊं लागतात. बाजाराची पिशवी सुनेकडे जाते, बँकेचें पासबुक मुलाकडे जातें, विजेचें बिल फोनवरून परस्पर भरलें जातें. ‘बाबा, तुम्ही आतां स्वस्थ बसा,’ हें वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनांत आदराखेरीज दुसरें कांहीं नसतें. स्त्रियांच्या बाबतींत हें थोडें उशिरा घडतें, इतकेंच. स्वयंपाकघराचा ताबा सुटला कीं त्यांचीहि तीच गत होते. परंतु गेल्या चाळीस वर्षांत मेंदूविषयीं जें ज्ञान हातीं आलें आहे त्याच्या उजेडांत पाहतां, हें स्वस्थ बसविणें म्हणजे प्रेमानें केलेलें नुकसान होय, असें म्हणणें भाग पडतें.

वयामुळें मेंदूंत खरोखर काय फरक पडतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. माणसाचा मेंदू वजनानें सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे सबंध शरीराचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यांतील मज्जापेशींची संख्या ८६०० कोटींच्या आसपास आहे. वय वाढतें तसा हा अवयव थोडाथोडा आकसतो आणि पेशींना जोडणारे धागे कांहीं ठिकाणीं विरळ होतात. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याचा परिणाम सर्व शक्तींवर सारखा होत नाहीं. अमेरिकेंतील सिॲटल येथें वॉर्नर शाय ह्या मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं एक पाहणी सुरू केली, आणि त्याच त्या माणसांना दर सात वर्षांनीं पुन्हा परीक्षेस बसविण्याचा क्रम पुढें कित्येक दशकें चालविला. तींत असें आढळलें कीं, कामाचा वेग तारुण्य सरतांच मंदावूं लागतो. परंतु शब्दांचें ज्ञान आणि भाषेची समज हीं पुष्कळांच्या बाबतींत मध्यम वयांत सर्वांत अधिक असतात व साठीपर्यंत फारशीं ढळत नाहींत. त्यापुढें, विशेषतः सत्तरीनंतर, घसरण दिसते. पण तींतहि माणसामाणसांत फार मोठें अंतर असतें.

तेव्हां ओळखीच्या माणसाचें नांव ओठांवर येऊन अडकणें आणि अर्ध्या तासानें, तो गृहस्थ निघून गेल्यावर, तें आठवणें, हा वयाचा साधा धर्म आहे. त्यानें घाबरून जाऊं नये. उलट रोजच्या देवळाची वाट चुकणें, जेवून उठल्यावर पुन्हा पानाची वाट पाहत बसणें, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळां विचारणें, जन्मभर केलेला सुट्या पैशांचा हिशेब न जमणें, हा वयाचा धर्म नव्हे. हा रोग आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे १९०६ सालीं आलोइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्यानें प्रथम वर्णिलेला विकार होय. भारतांत साठी ओलांडलेल्यांपैकीं सुमारें ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसें, स्मृतिभ्रंशानें ग्रासलेलीं आहेत, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. आंकडा लहान नाहीं. पण तोच दुसऱ्या बाजूनें वाचला तर शंभरांतील ब्याण्णवांहून अधिक माणसें त्या रोगापासून दूर आहेत, असा त्याचा अर्थ होतो. म्हण करणाराला हा हिशेब ठाऊक नसावा.

म्हणीला उत्तर म्हणून थोर पुरुषांचीं नांवें सांगण्याची चाल आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं निघाला आणि शेवटचा १९६२ सालीं, ते ८२ वर्षांचे असतांना. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९४४ सालीं समता संघ स्थापन केला, तेव्हां त्यांचें वय ८६ होतें, आणि त्यानंतरहि ते अठरा वर्षें जगले. हीं उदाहरणें मनाला उभारी देतात खरीं. पण त्यांनीं नियम सिद्ध होत नाहीं. शंका घेणारा म्हणेल कीं, त्यांची प्रकृतीच मुळांत लोखंडाची होती. ह्या शंकेचें निरसन करावयाचें तर पुष्कळ माणसें अशीं सांपडलीं पाहिजेत कीं, जीं एकाच छपराखालीं राहतात, एकच अन्न खातात, ज्यांचा दिनक्रमहि सारखाच आहे, आणि तरी ज्यांच्या बुद्धीचा शेवट निरनिराळा होतो.

अशीं माणसें सांपडलीं तीं एका मठांत. अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतील मॅन्काटो येथें नोत्र दाम ह्या ख्रिस्ती संप्रदायाच्या शिक्षिका-भगिनींचा मठ होता. डेव्हिड स्नोडन ह्या संशोधकानें १९८६ सालीं त्यांच्यांत आपलें काम सुरू केलें, व पुढें त्या संप्रदायाच्या इतर मठांतील भगिनीहि सामील होऊन एकंदर ६७८ भगिनींनीं, सर्व पंच्याहत्तरी उलटलेल्या, त्यास संमति दिली. दर वर्षीं स्मरणशक्तीची परीक्षा द्यावयाची आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीसाठीं द्यावयाचा, असें त्यांनीं कबूल केलें. ज्यांनीं आयुष्यभर मुलांना शिकविलें त्यांनीं मरणानंतरहि शिकविण्याचें पत्करलें, हें त्यांच्या व्रताला शोभण्यासारखेंच होतें.

त्यांतील एका भगिनीची हकीकत विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आठव्या इयत्तेपर्यंत शिकून ती एकोणिसाव्या वर्षीं शिक्षिका झाली. पुढें बावीस वर्षें उन्हाळ्याच्या सुट्यांत अभ्यास करीत करीत तिनें वयाच्या ४१ व्या वर्षीं हायस्कूलची परीक्षा पुरी केली. सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत तिनें पूर्ण वेळ शिकविलें आणि त्यानंतर चौऱ्याऐंशीपर्यंत थोडा वेळ. १०१ व्या वर्षीं ती वारली, तोंपर्यंत तिची बुद्धि शाबूत होती. परीक्षेंत तिला चांगले गुण मिळत होते. नंतर तिचा मेंदू तपासला तेव्हां तपासणारे चकित झाले. अल्झायमरच्या विकाराच्या ज्या खुणा सूक्ष्मदर्शकांतून दिसतात, त्या पेशींभोवतींच्या गुठळ्या आणि पेशींमधील गुंते, तिच्या मेंदूंत भरपूर होते. रोग मेंदूंत होता आणि वागण्यांत त्याचा पत्ता नव्हता!

हें कसें झालें? शास्त्रज्ञ त्याचा जो खुलासा करतात तो सावकारी पेढीच्या भाषेंत चांगला सांगतां येतो. शहाणी पेढी नफ्यांतला कांहीं भाग दर साल बाजूला टाकते. त्याला गंगाजळी म्हणतात. एखाद्या सालीं मोठी खोट आली तरी गंगाजळी असलेली पेढी व्यवहार चालू ठेवते, आणि ती नसलेली पेढी तेवढ्याच खोटीनें बसते. मेंदूचीहि अशीच गंगाजळी असते. शिक्षण, अवघड काम, वाचन, माणसांशीं येणारा संबंध ह्यांमुळें पेशीपेशींमध्यें वाटा पडत जातात. एका गांवाला जाण्यास पांच वाटा असल्या तर दोन खचल्या तरी माणूस पोंचतो. एकच असली तर तेथेंच अडतो. रोगाची तीव्रता सारखी असूनहि एक माणूस चालतें बोलतें राहतें आणि दुसरें आपल्या मुलाला ओळखीत नाहीं, ह्याचें एक मोठें कारण हें आहे.

ह्याच भगिनींपैकीं ९३ जणींनीं मठांत प्रवेश करतांना, सुमारें बाविसाव्या वर्षीं, लिहिलेलीं अल्प आत्मवृत्तें मठाच्या दप्तरांत जपून ठेविलेलीं होतीं. तीं तपासून १९९६ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, ज्यांचें त्या वयांतील लिहिणें विचारांनीं भरलेलें होतें त्यांना वृद्धापकाळीं स्मृतिभ्रंश क्वचितच झाला, आणि ज्यांचें लिहिणें विरळ होतें त्यांना तो पुष्कळ अधिक झाला. ह्यावरून कोणी ‘बाविसाव्या वर्षींच सर्व ठरलें, आतां काय उपयोग?’ असें म्हणेल, तर एक्केचाळिसाव्या वर्षीं परीक्षा देणारी ती भगिनी त्याला उत्तर आहे. गंगाजळींत भर केव्हांहि घालतां येते. लौकर घातलेली वाढते अधिक, एवढेंच.

ह्याच मठांतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें ती बहुधा सर्वांत मोलाची आहे. अल्झायमरच्या खुणा सारख्याच असलेल्या मेंदूंपैकीं, ज्यांत रक्तवाहिन्या तुंबून झालेले लहान लहान घाव होते, त्या भगिनींत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण कितीतरी अधिक होतें, असें १९९७ सालीं दिसून आलें. म्हणजे रोगाचा भार मेंदूनें एकवेळ पेलला असता. पण त्यांत रक्ताचा तुटवडा पडला कीं त्याचा नाइलाज होतो. मेंदूचें आरोग्य म्हणजे केवळ बुद्धीचा प्रश्न नव्हे, तो रक्तवाहिन्यांचाहि प्रश्न आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि चरबी हे त्या वाहिन्यांचे शत्रु. अमेरिकेंत नऊ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या एका प्रयोगांत वरचा रक्तदाब १४० ऐवजीं १२० च्या खालीं ठेविला, तेव्हां स्मरणशक्तीच्या आरंभींच्या घसरणीचें प्रमाण कमी झालें, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. इतका खालचा रक्तदाब प्रत्येक वृद्धाला मानवेलच असें नाहीं; तें डॉक्टरनें ठरवावयाचें. पण ‘डोकें दुखत नाहीं, मग गोळी कशाला?’ असें म्हणून रक्तदाबाची गोळी मध्येंच सोडणारा आणि जेवतांना पापड व लोणचें दोन वेळां मागून घेणारा गृहस्थ आपल्या हृदयाबरोबर स्मृतीशींहि खेळत असतो, हें त्याला कोणी तरी सांगितलें पाहिजे.

चालण्याचा संबंधहि येथेंच येतो. मेंदूंत कानशिलांच्या आंतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नांवाचा एक लहान भाग आहे. नवी आठवण प्रथम तेथें बसते. वयाबरोबर तो आकसतो. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पंचावन्न ते ऐंशी वर्षांच्या १२० माणसांचे दोन गट केले. एका गटानें वर्षभर आठवड्यांतून तीन दिवस चाळीस मिनिटें झपझप चालावें, दुसऱ्यानें नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम करावे. वर्षाअखेर दुसऱ्या गटांत हा भाग नेहमींप्रमाणें थोडा आकसला होता. चालणाऱ्यांत तो दोन टक्क्यांनीं वाढला होता. झपझप चालणें म्हणजे अंगाला किंचित् घाम येईल असें चालणें. देवळाच्या कट्ट्यापर्यंत जाऊन तेथें दोन तास बसणें निराळें. त्याचा उपयोग दुसरा आहे, आणि तोहि कमी नाहीं.

तो उपयोग म्हणजे बोलणें. पण बोलण्यासाठीं ऐकूं आलें पाहिजे, आणि मराठी घरांतून ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें ती हीच. चष्मा लावण्याची कोणाला लाज वाटत नाहीं. कानाला यंत्र लावण्याची मात्र वाटते. परिणामीं काय होतें? प्रथम आजोबा ‘काय म्हणालास?’ असें विचारतात. घरांतील माणसें दोनदां सांगतात, तिसऱ्यांदां आवाज चढतो, चौथ्यांदां ‘कांहीं नाहीं, जाऊं द्या’ म्हणून विषय सोडून देतात. कांहीं महिन्यांनीं आजोबा विचारणेंच सोडतात. लग्नकार्यांत ते कोपऱ्यांतल्या खुर्चीवर बसून, लोक हंसले कीं हंसतात. मग पाहुणे म्हणूं लागतात, ‘ह्यांना हल्लीं कांहीं समजत नाहीं.’ वस्तुतः समजत नाहीं असें नसून ऐकूं येत नाहीं. परंतु ही स्थिति वर्षानुवर्षें राहिली तर ऐकूं न येण्याचें पर्यवसान न समजण्यांत होऊं शकतें. अर्धवट ऐकूं आलेला शब्द जुळविण्यांतच मेंदूची शक्ति खर्ची पडते व लक्षांत ठेवण्यास ती उरत नाहीं. शिवाय संभाषण संपतें, आणि संभाषणाइतका बुद्धीला सर्वांगीण व्यायाम क्वचितच दुसरा असेल. अमेरिकेंत सत्तर ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या ९७७ जणांवर तीन वर्षें झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालीं बाहेर आले. सरसकट सर्वांना श्रवणयंत्राचा लाभ झाला असें दिसलें नाहीं. परंतु ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळांतच अधिक होता त्यांच्यांत बुद्धीची घसरण यंत्रामुळें ४८ टक्क्यांनीं मंदावली. यंत्र महाग असतें, पहिले कांहीं आठवडे तें कानांत खरखरतें, आणि पुष्कळ यंत्रें अशा वेळीं कपाटाच्या खणांत जातात. त्या आठवड्यांत घरच्यांनीं धीर दिला पाहिजे, आणि ओरडण्यापेक्षां समोर येऊन, सावकाश, तोंड दिसेल असें बोललें पाहिजे. डोळ्यांचेंहि असेंच आहे. पिकलेला मोतीबिंदू ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ म्हणून ठेवूं नये.

भाषेविषयीं एक शोध आपल्या शेजारींच लागला आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्यें डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांचे सहकारी यांनीं स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांची पाहणी करून २०१३ सालीं असें दाखविलें कीं, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा रोग एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षां सरासरीनें साडेचार वर्षें उशिरा प्रकट होतो. विशेष हें कीं, अक्षरशत्रु माणसांतहि हा फरक दिसला. त्याअर्थी हा नुसत्या शिक्षणाचा गुण नव्हे. एका भाषेला आवरून दुसरी पुढें आणण्याचा जो व्यायाम मेंदूला क्षणोक्षणीं घडतो त्याचा तो असावा. बेळगांवकडील मराठी माणूस कानडीत बाजार करतो, गोमंतकांतील माणूस कोंकणी बोलून मराठी वाचतो, तंजावरचे मराठी लोक घरांतून बाहेर पडतांच तमिळ बोलूं लागतात; त्यांना ही कमाई फुकटांत झालेली आहे. इतरांना ती प्रयत्नानें करावी लागेल. सत्तराव्या वर्षीं शेजारच्या बिऱ्हाडाची भाषा शिकूं लागणारा हास्यास्पद ठरतो खरा. पण शेजाऱ्यांच्या हंसण्याला उत्तर देण्यासाठीं सुद्धां त्याला नवे शब्द लागतात!

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जें पाठ आहे तेंच पुन्हा म्हणणें आणि जें येत नाहीं तें शिकणें, ह्यांत मेंदूच्या दृष्टीनें मोठें अंतर आहे. लंडन शहरांत टॅक्सी चालविण्याचा परवाना मिळविण्यासाठीं सुमारें २५,००० रस्ते पाठ करावे लागतात व त्यास तीनचार वर्षें लागतात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ह्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकीं जे उत्तीर्ण झाले त्यांच्याच हिप्पोकॅम्पसचा मागील भाग वाढलेला आढळला. त्या माणसांचें वय तरुण होतें. पण रीति तीच. रामरक्षा, हरिपाठ हे म्हणावेत. त्यांनीं मन शांत होतें आणि तो लाभ मोठा आहे. परंतु ज्याला पन्नास वर्षें तीं पाठ आहेत त्याला त्यांतून नवी वाट पडत नाहीं; त्यानें ज्ञानेश्वरीचा न वाचलेला अध्याय अर्थासह बसवावा. शब्दकोड्यांचेंहि असेंच. अमेरिकेंत २८०० हून अधिक वृद्धांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, ज्याला जो व्यायाम दिला त्यांत तो तरबेज झाला, पण एका व्यायामानें दुसरी शक्ति फारशी वाढली नाहीं, असें २००२ सालीं दिसलें. कोडीं सोडविणारा कोडीं सोडविण्यांत पटाईत होतो. त्यापेक्षां हिशेब, ओळख, हातचलाखी आणि माणसें ह्या सर्वांची एकदम गरज लागणारें काम अधिक गुणकारी वाटतें: नातवंडाला त्रैराशिक शिकविणें, सोसायटीचा जमाखर्च लिहिणें, वाचनालयांत पुस्तकें लावणें, तबला किंवा पेटी नव्यानें धरणें. बाजाराची पिशवी देखील येथें क्षुल्लक ठरत नाहीं. भाव आठवणें, घासाघीस करणें, उरलेले पैसे मोजणें आणि ओझें घेऊन चालत घरीं येणें, इतक्या गोष्टी तींत भरलेल्या असतात.

स्मरणशक्ति वाढविणाऱ्या अवलेहांच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. त्यांपैकीं एकानेंहि स्मृतिभ्रंश टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं. पण विसराळूपणाचीं कांहीं कारणें खरोखर औषधानें बरीं होण्याजोगीं असतात, आणि तीं न तपासतां ‘वय झालें’ म्हणून सोडून देणें हा अन्याय आहे. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा हें एक. बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव हें दुसरें, व तें तर महाराष्ट्राच्या दारांतलें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. याज्ञिक यांच्या पाहणींत ४४१ पुरुषांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांत हें जीवनसत्त्व कमी आढळलें, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. तें दूध-दह्यांत थोडें आणि मांस, मासे, अंडीं ह्यांत अधिक असतें, पालेभाजींत नसतें. साध्या रक्ततपासणीनें उणीव कळते. झोपेसाठीं वर्षानुवर्षें घेतलेल्या गोळ्या, आणि सहचर गेल्यानंतर मनाला आलेली खिन्नता, ह्यांनींहि स्मृति झांकोळते. खिन्न माणूस विसरत नाहीं, त्याचें लक्षच नसतें. त्याच्यावर उपचार आहेत.

‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशास पोषक अशीं १४ कारणें दाखविलीं. अल्प शिक्षण, बहिरेपण, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठें जीवन, एकटेपणा, दूषित हवा इत्यादि त्यांत येतात. आणि तीं सर्व दूर करतां आलीं तर जगांतील सुमारें ४५ टक्के रोग टाळतां किंवा लांबवितां येईल, असें त्या मंडळाचें मत आहे. उरलेल्या ५५ टक्क्यांचें काय? तो भाग मनुष्याच्या हातीं आज नाहीं. रोज चालणारा, वाचणारा, चार भाषा बोलणारा माणूस देखील ह्या रोगांत सांपडतो. तेव्हां त्याच्या बायकोला किंवा मुलांना ‘तुम्हीं त्यांची काळजी घेतली नाहीं’ असें सुचविणारे नातेवाईक अज्ञानांत भर घालतात आणि दुःखांतहि.

अशा माणसाच्या हातचीं सगळींच कामें काढून घेण्याचें कारण नाहीं. पैशाचा व्यवहार, शेगडी आणि रस्ता ओलांडणें हीं सोडून बाकीचीं निवडून ठेवावीं. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणें, परडींत फुलें काढणें, मटार सोलणें, हीं कामें आठवणीवर नव्हे, हाताच्या संवयीवर चालतात, आणि ही संवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत असल्यामुळें पुष्कळ दिवस टिकते. काम हळू होईल. दाण्यांत टरफलें येतील. तीं मागाहून, त्यांच्या देखत नव्हे, वेचून घ्यावीं.